एटीपी म्हणजे नुसतं इंधन नव्हे

शाळेपासून घोकलेलं वाक्य: एटीपी म्हणजे पेशीचं ऊर्जेचं चलन. ते खरंच आहे. पण 'एवढा मोलाचा ऐवज पेशी बाहेर सांडेलच कशाला?' हा त्याला चिकटून आलेला समज मात्र चुकीचा.

विळीवर कांदा चिरताना बोट कापतं, तेव्हा फुटलेल्या पेशींतून एटीपी बाहेर पडतं. एरवी पेशीच्या आत ते बाहेरच्यापेक्षा हजारो पटींनी जास्त असतं. म्हणून बाहेर जरासं आलं तरी शेजारच्या पेशींना कळतं, इथे काहीतरी फुटलंय. वेदनेच्या चेतातंतूंवरचे पी२एक्स३ ग्राही, म्हणजे ठरावीक रेणू ओळखणारी प्रथिनं, ते टिपतात. बोट ठणकण्यात त्यांचाही वाटा असतो. रक्त गोठवणाऱ्या प्लेटलेट तर एडीपी (एटीपीचाच एक फॉस्फेट कमी असलेला भाऊबंद) सोडून एकमेकींना बोलावून घेतात. हृदयविकाराच्या रुग्णांना देतात ते क्लोपिडोग्रेल हीच हाक त्यांच्या कानी पडू देत नाही.

बरं, पेशी फुटायलाच हवी असंही नाही. चेतातंतू एटीपी निरोप म्हणून मुद्दाम सोडतात. चेताशास्त्रज्ञ जेफ्री बर्नस्टॉक यांनी १९७२ मध्ये हे मांडलं, तेव्हा कित्येकांनी हसण्यावारी नेलं. १९९०च्या दशकात एटीपी ओळखणाऱ्या ग्राहींची जनुकं हाती लागली आणि हसणारे गप्प झाले.

बाहेरचं एटीपी विकरं (एन्झाइम) झटपट तोडतात, शेवटी उरतं अ‍ॅडेनोसिन. सकाळच्या चहाने तरतरी येते, ती याच अ‍ॅडेनोसिनचे ग्राही कॅफीनने अडवल्यामुळे.