कोन्याकचं तळघर बघायला जाताय? आधी खुंटाची गोष्ट ऐका

आपल्याकडं ब्रँडी म्हणलं की सर्दी-पडशावर गरम पाण्यातून चमचाभर दिलेलं औषधच आठवतं, आणि खरं सांगायचं तर भारतातल्या बऱ्याच स्वस्त ब्रँडीत द्राक्ष नावालाच असतं, मूळ स्पिरिट साखर कारखान्याच्या मळीचं, म्हणजे जात उसाची. त्यामुळं फ्रान्समधल्या कोन्याकला (गावाचं नाव तेच न तिथल्या द्राक्षाच्या ब्रँडीचंही) जाऊन ती मुरत ठेवतात ते तळघर बघायचं न टेस्टिंग करायचं असेल तर तिथला इतिहास थोडा माहीत पाहिजे, नायतर गाइड नुसती कंपन्यांच्या घराण्यांची नावं सांगत सुटतो न आपण माना डोलावत बसतो.

सुरुवात डच व्यापाऱ्यांपासून. १६व्या-१७व्या शतकात शारांत नदीतून ते मीठ आणि वाईन न्यायला यायचे. इथली वाईन हलकी, जहाजात नासायची, मग तिचा अर्क काढायला लागले, त्याला जागाही कमी लागते न टिकतोही. पुढं तांब्याच्या भट्टीत दोनदा ऊर्ध्वपातन करायची पद्धत इथंच बसली आणि ओकच्या पिपात पडून राहिलेला माल जास्त चांगला लागतो हेही ध्यानात आलं. कंपन्या काढणाऱ्यांत बाहेरचे बरेच बरं का: मार्टेल १७१५, तो जर्सी बेटावरचा, हेनेसी १७६५, तो आयरिश, फ्रेंच सैन्यात नोकरी केलेला. रेमी मार्टिन १७२४चं, ते मात्र तिथलंच. हेनेसीच्या टूरमध्ये होडीतून नदी ओलांडून तळघरात नेतात. भिंती काळ्याकुट्ट दिसल्या तर घाण समजू नका, पिपातून उडणाऱ्या अल्कोहोलच्या वाफेवर जगणारी ती बुरशी आहे.

पण आपल्या जालन्यातल्या कडवंचीकडच्या द्राक्ष बागाईतदाराला जी गोष्ट खरी पटेल ती तळघरात नाही, रानात आहे. १८७०च्या दशकात फिलॉक्सेरा आला, मुळं शोषणारी माव्यासारखी बारीक कीड, अमेरिकेतून आलेल्या वेलींबरोबर. जवळजवळ २,८०,००० हेक्टर द्राक्ष होतं, १८९३पर्यंत ४०,०००च्या आसपास उरलं. उपाय एकच सापडला, अमेरिकन जंगली खुंटावर, म्हणजे मुळं असलेल्या खालच्या भागावर, आपल्या वाणाचं कलम करायचं. तेही सरळ जमलं नाही, कारण कोन्याकची सगळ्यात नावाजलेली जमीन चुनखडीची, तिथं पहिले खुंट लोह उचलेनात, पानं पिवळी पडायची (हे आपल्याला सांगायला नको). मग १८८७ साली पिएर व्हिआला नावाचा शास्त्रज्ञ अमेरिकेत गेला, टेक्सासमधला द्राक्षांचा जाणकार टी. व्ही. मन्सन यानं त्याला चुनखडीत तग धरणाऱ्या बर्लँडिएरी जातीच्या वेली दाखवल्या, न त्या जातीच्या संकरातून पुढं गाडी रुळावर आली. मन्सनचं डेनिसन गाव आजही कोन्याकचं भगिनी-शहर आहे. आता गंमत बघा, आपण लावतो त्या ११०आर खुंटातही हीच बर्लँडिएरी आहे, आणि डॉगरिज खुंट पण मूळचा टेक्सासचाच. त्यांनी खुंट धरला किडीपायी, आपण धरला दुष्काळ न खारट पाण्यापायी.

कलमानं वाणही बदलला. आधी फोल ब्लांश चालायचं, पण कलम केल्यावर त्याचे घड इतके गच्च व्हायला लागले की आत सड लागायची, विरळणी करायला एवढ्या एकरांवर माणसं आणायची कुठून, म्हणून उनी ब्लांश आलं. ते चाखून आपला माणूस तोंड वाकडं करील, आंबट न गोडी कमी. आपण ब्रिक्ससाठी (गोडीच्या मापासाठी) जीव टाकतो, त्यांना आंबटपणाच पाहिजे, त्यानं वाईन भट्टीत जाईपर्यंत टिकते, सल्फर घालावं लागत नाही. वाईन जेमतेम ९ टक्क्यांची, साधारण ९ लिटरातून १ लिटर अर्क निघतो, तो ७० टक्क्यांच्या वर.

कायदे नंतर आले. १९०९ला हद्द ठरली, १९३८ला आतले विभाग पडले, म्हणून बाहेरच्या कुठल्याच ब्रँडीला कोन्याक म्हणता येत नाही. द्राक्ष काढणीनंतर पुढच्या वर्षीच्या ३१ मार्चच्या आत भट्टी बंद करावी लागते, तेव्हा पेटलेली भट्टी बघायची तर हिवाळ्यात जा. टेस्टिंगला बाटलीवरची वयाची खूण बघा, व्हीएस म्हणजे पिपात किमान २ वर्षं, व्हीएसओपी ४, एक्सओ पूर्वी ६ होतं, २०१८पासून १०. बाटलीत भरल्यावर वय वाढत नाही, त्यामुळं कुणी घरातल्या कपाटात २० वर्षं ठेवलेल्या बाटलीचं कौतुक सांगितलं तर हो म्हणायचं न सोडून द्यायचं.