मागचा स्वे बार काढून टाकायचा का?

आपल्या नाशकात गंगापूर धरणाकडच्या चिखलात गाडी घालणारा प्रत्येकजण सांगतो, मागचा स्वे बार काढ, रोडवर काहीच फरक पडत नाही. पडतो ना भाऊ! हा बार म्हणजे डाव्या-उजव्या चाकाला जोडणारी पीळ खाणारी स्प्रिंग, दोन्ही चाकं एकदम उचलली तर गप्प बसतो, एकच उचललं की अडवतो, म्हणून काढल्यावर खड्ड्यात चाक जास्त खाली जातं हे खरंय, पण शॉकअपची लांबी संपली की तेही थांबतं. आणि कसारा घाटात वळणावर बॉडी जास्त झुकणार, गाडीचं पुढचं टोक वळणाबाहेर पळणार. जीपच्या रँग्लर रुबिकॉन या ऑफ-रोड गाडीतही बटणाने सुटतो तो पुढचा बार, मागचा नाही. (बार काढला की गाडी खाली बसते म्हणतात तेही खोटं, हा बार वजन उचलतच नाही.)