न्यूगेटसमोरची चेंगराचेंगरी

२३ फेब्रुवारी १८०७ ची सकाळ. लंडनच्या न्यूगेट तुरुंगाबाहेर हॅगर्टी आणि हॉलोवे या दोघांना फाशी द्यायची होती. हाउन्स्लोच्या माळावर १८०२ मध्ये स्टील नावाच्या व्यापाऱ्याला लुटून ठार मारल्याचा ठपका त्यांच्यावर होता. पुरावा मुख्यतः माफीच्या साक्षीदाराचा. दोघेही शेवटपर्यंत 'आम्ही निर्दोष' म्हणत राहिले. बघायला सुमारे ४०,००० माणसं लोटली आणि त्यातली तीसेक तिथेच मेली.

एका फेरीवाल्याची टोपली उलटली, माल गोळा करायला तो वाकला, मागचे त्याच्यावर कोसळले. मग ढीगच लागला.

चेंगराचेंगरी म्हटलं की तुडवलेली माणसं डोळ्यांसमोर येतात. प्रत्यक्षात कित्येक जण उभ्या उभ्याच गुदमरतात. श्वास घेताना छाती फुगावी लागते. पुढून-मागून सतत दाब असेल तर तिला फुगायला जागाच मिळत नाही आणि नाक-तोंड मोकळं असूनही हवा आत जात नाही. दर चौरस मीटरला सहा-सात माणसं झाली की पाऊल कुठे टाकायचं हे आपल्या हातात राहत नाही. गर्दीत लाटा उठतात. अशा रेट्याने लोखंडी कठडेसुद्धा वाकलेले आहेत. आणि मागच्याला पुढे काय चाललंय ते दिसतच नाही, म्हणून तो ढकलत राहतो.

त्यामुळे या लोकांना 'रानटी जमाव' म्हणून मोकळं होणं मला अजिबात पटत नाही. पडता पडता एका आईने अंगावरचं मूल शेजारच्या माणसाच्या हातात कोंबलं. त्याचा स्वतःचाच जीव जात होता. त्याने ते पुढे फेकलं, दुसऱ्याने झेलून तसंच पुढे दिलं, तिसऱ्याने कसंबसं एका गाडीखाली नेऊन ठेवलं. मूल वाचलं. आई गेली.

फाशीचे तख्त हलवल्यावरच शिपायांना रस्ता मोकळा करता आला. तेव्हा मेलेले आणि बेशुद्ध मिळून शंभराच्या आसपास लोक पडलेले होते. चपला-बूट, टोप्या, कपडे गाडीभर निघाले.

१८१२ मध्ये पंतप्रधान पर्सिव्हल यांच्या खुन्याला इथेच फाशी झाली, तेव्हा आसपासच्या रस्त्यांवर फलक लागले: गर्दीत शिरू नका, त्या तीस जणांची आठवण ठेवा. पुढे आडवे अडसरही घालू लागले. उपाय योग्यच होता, कारण गर्दीचे तुकडे पडले की मागचा रेटा पुढच्यांपर्यंत पोचत नाही. पण गर्दी जमवणारा तमाशा सरकारने चालूच ठेवला, थेट १८६८ पर्यंत.