अक्काचा वेढा: वेढा घालणारेच वेढ्यात

ऑगस्ट ११८९ संपता संपता गी द लुसिन्यां अक्काच्या तटाखाली येऊन उतरला, तेव्हा तो जेरुसलेमचा नुसता नावाचा राजा होता. ४ जुलै ११८७ ला हत्तीनजवळ इजिप्त-सीरियाचा सुलतान सलाहुद्दीन याने त्याची फौज पाण्यावाचून हैराण करून कापून काढली होती. आठवड्याच्या आत अक्का पडलं, ऑक्टोबरात जेरुसलेम गेलं. गी कैदेतून सुटला तो पुन्हा शस्त्र धरणार नाही अशी शपथ घेऊन. पण ख्रिस्ती लोकांच्या हाती उरलेल्या टायर शहरात मॉन्फेराचा कॉनराड हा इटालियन सरदार ठाण मांडून बसला होता. त्याने या राजाला वेशीतच अडवलं. टेकायला गाव नाही म्हणून राजा अक्कावर चालून गेला. या मोहिमेला धर्मयुद्ध म्हणतात खरं, पण माझ्या मते तिची सुरुवात या बंद दारापाशी आहे.

(इंग्रजी नकाशांत हे बंदर ‘एकर’ म्हणून सापडतं. जमिनीच्या एकराशी त्याचा काही संबंध नाही. आज ते इस्रायलमध्ये, हैफाच्या उत्तरेला आहे.)

शहर भूशिरावर, दोन बाजूंना समुद्र, जमिनीकडे भक्कम तट. गीने वेढा घातला आणि काही दिवसांतच सलाहुद्दीन त्याच्या पिछाडीला फौज घेऊन येऊन ठाकला. मध्ये शहर, भोवती ख्रिस्ती, त्यांच्याभोवती मुस्लिम फौज. ख्रिस्त्यांनी एक खंदक शहराकडे तोंड करून खणला, दुसरा सलाहुद्दीनकडे. ४ ऑक्टोबरच्या मोठ्या लढाईत टेम्पलर या लढवय्या ख्रिस्ती साधूंच्या पंथाचा प्रमुखच मारला गेला, तरी वेढा तसाच राहिला. दोन्ही बाजूंचा जीव समुद्रावरून येणाऱ्या रसदीत अडकला.

या रसदीच्या गोष्टी बहाउद्दीन इब्न शद्दाद सांगतो. सलाहुद्दीनच्या लष्कराचा हा काझी स्वतः छावणीत होता. ११९० मध्ये बैरूतहून धान्याचं एक जहाज निघालं. खलाशांनी दाढ्या उतरवल्या, फ्रँकी, म्हणजे युरोपीय ख्रिस्त्यांचे, कपडे घातले, डोलकाठीवर क्रूस लावले आणि डेकवर लांबून दिसतील अशी डुकरं सोडली. मुसलमानांच्या जहाजावर डुकरं असतील अशी शंका कोणाला येणार? जहाज गस्तीतून सहीसलामत बंदरात शिरलं. ईसा नावाचा पाणबुड्या रात्री शत्रूच्या जहाजांखालून पोहत शहरात पैसे आणि पत्रं न्यायचा आणि पोचल्याची खूण म्हणून कबूतर सोडायचा. एका रात्री कबूतर आलं नाही. काही दिवसांनी त्याचं प्रेत शहराच्या किनाऱ्याला लागलं, कमरेला सोनं आणि पत्रं जशीच्या तशी. मेल्यावरही ठेव पोचवणारा माणूस आपण पाहिला नव्हता, असं इब्न शद्दाद लिहून गेला आहे.

ख्रिस्ती छावणीचे हाल वेगळेच. जर्मनीचा सम्राट फ्रेडरिक बार्बरोसा वाटेतच नदीत बुडून मेला, त्याची फौज पांगली. ११९० च्या साथीत गीची राणी सिबिला आणि तिच्या दोन्ही मुली गेल्या. त्या हिवाळ्यात तर अन्नान्न दशा झाली.

पारडं फिरलं ते ११९१ मध्ये. फ्रान्सचा फिलिप २० एप्रिलला आला, इंग्लंडचा रिचर्ड ८ जूनला. दगडफेकी यंत्रांनी आणि सुरुंगांनी तट खिळखिळा झाला. १२ जुलैला शिबंदीने सलाहुद्दीनच्या संमतीची वाट न पाहता शहर दिलं. २,००,००० दिनार, कैद्यांची सुटका आणि हत्तीनला गमावलेला पवित्र क्रूस (येशूला ज्यावर खिळलं असं मानत, तो), अशा अटी होत्या. देवघेव रेंगाळली. २० ऑगस्टला रिचर्डने सुमारे २,७०० कैदी सलाहुद्दीनच्या फौजेच्या डोळ्यांदेखत मारवले.

आणि गी? त्याचा मुकुट सिबिलामुळे होता. ती गेल्यावर त्याचा हक्कच लंगडा झाला. ११९२ मध्ये सरदारांनी कॉनराडला, त्याचा खून झाल्यावर शॅम्पेनच्या हेन्रीला निवडलं. गीच्या पदरात सायप्रस बेट पडलं आणि त्याच्या घराण्याने तिथे जवळपास तीनशे वर्षं राज्य केलं.