दहा गुंठ्यांची चिमूटभर रेती

आमचे भुसावळचे मामा रिटायर झाल्यापासून हाताला लागेल ते वाचतात. परवा सूपच्या पाकिटावर त्यांना ५५१ हा आकडा दिसला आणि ५५१ म्हणजे सिलिकॉन डायऑक्साइड हे व्हॉट्सॲपने आधीच शिकवून ठेवलेलं, मग काय, लगेच फोन. "भाचा, हाई तं रेती शे रे, मुतखडा हुई ना!"

नाव तेच आहे, खरंय. गिरणा नदीतून रात्री ट्रॅक्टर भरून जी रेती पळते तिच्यातही सिलिकाच, म्हणजे सिलिकॉन डायऑक्साइडच असतं. पण ती क्वार्ट्ज, अणू रांगेत घट्ट बसलेले, विरघळायचं नाव नाही. पाकिटातल्या सिलिकेत ही रांगच नसते, अमॉर्फस म्हणतात तिला, ती पाण्यात थोडी थोडी विरघळून सिलिसिक ॲसिड होते आणि ते लघवीतून निघून जातं. मुतखडे बहुतेक कॅल्शियम ऑक्झलेटचे असतात, आणि मामा ४५ डिग्रीत दिवसभर चहावर काढतात ते बघा आधी. (क्वार्ट्जची बारीक धूळ फुप्फुसात जाणं वेगळं, त्याने खाणकामगारांना सिलिकोसिस होतो.)

पण मला खरं सांगायचंय ते औषध भरून नेण्यासाठी भोकं पाडलेल्या सिलिकेबद्दल, कारण ती भोकं कशी पाडतात हे वाचून मी दोन दिवस तेच घोकत होतो. २-४ नॅनोमीटरचं भोक पाडणारं ड्रिल कुठून आणणार? आपला केसच साधारण ८०,००० नॅनोमीटर जाड. म्हणून भोक पाडतच नाहीत, भोकाभोवती भिंत बांधतात! सीटॅब नावाचा साबणासारखा पदार्थ असतो, अँटिसेप्टिकच्या बाटलीवर सेट्रिमाइड लिहिलेलं असतं ना, त्याच कुळातला. त्याच्या रेणूचं डोकं पाण्याकडे धावतं आणि शेपटी पाण्याला घाबरते, म्हणून पाण्यात हे रेणू शेपट्या आत आणि डोकी बाहेर करून लांब काड्या बनवतात. डोकी धन भाराची, विरघळलेली सिलिका ऋण भाराची, ती येऊन चिकटते, आणि काड्या पऱ्हाट्यांच्या मोळीसारख्या एकमेकींना लागून षटकोनी रचल्या जातात. मोळीच्या फटींत चिखल लिंपावा तशी सिलिका घट्ट होते, मग ५५० डिग्रीला भाजायचं, साबण जळून जातो आणि काडीच्या जागी बोगदा उरतो. एवढ्या बोगद्यांमुळे १ ग्रॅम पावडरीत आतला पृष्ठभाग जवळपास १,००० चौरस मीटर भरतो, म्हणजे दहा गुंठे!

हे १९९२ मध्ये जाहीर केलं मोबिल या तेल कंपनीच्या लोकांनी, त्यांना औषधांशी देणंघेणं नव्हतं, कॅटॅलिस्ट, म्हणजे रासायनिक क्रियेला वेग देणारा पदार्थ हवा होता. २००१ मध्ये माद्रिदला मारिया व्हायेट-रेगी यांच्या टीमने त्याच बोगद्यांत आयबुप्रोफेन हे दुखण्यावरचं औषध भरून दाखवलं.

आता थोडं जड आहे, सांभाळून घ्या. सिलिकेच्या अंगावर सिलॅनॉल म्हणजे ओएच गट असतात, त्यांना एपीटीईएससारखं सिलेन (सिलिकॉनचं एक संयुग) जोडलं की अमाइनचा, म्हणजे नायट्रोजन असलेल्या गटाचा हुक मिळतो, हुकाला फोलेट हे ब गटातलं जीवनसत्त्व अडकवलं की ज्या कॅन्सर पेशींवर फोलेट पकडणारे रिसेप्टर जास्त असतात त्या कणाला जास्त ओढून घेतात, पीईजी नावाचं पॉलिमर लावलं की रक्तातल्या प्रोटीन्सना तो पटकन चिकटत नाही. बोगद्याच्या तोंडाला बूच बसवायचं, तेही असं की रक्ताच्या ७.४ पीएचला (पीएच जितका कमी तितकं आम्ल जास्त) बंद राहील आणि पेशीच्या आतल्या लायसोसोम नावाच्या पिशव्यांत, जिथे पीएच ५ च्या आसपास उतरतो, तिथे बंध तुटून उघडेल. औषध तिथेच सुटावं, वाटेत सांडू नये, एवढ्यासाठी हा सगळा खटाटोप.

म्हणून उद्या कोणी 'नॅनो थेंब, कॅन्सर मुळापासून' विकायला आला तर त्याला चहासुद्धा पाजू नका. सिलिकेचे कण माणसाच्या शिरेत देऊन पाहिल्याचा पहिला अहवाल २०१४ चा, रुग्ण फक्त पाच, कण ६-७ नॅनोमीटरचे आणि तेही बिनभोकाचे, त्यांनी फक्त स्कॅनमध्ये दिसायचं काम केलं. शिवाय भोकांचे मोठे कण शिरेत गेले की बरेचसे यकृत आणि प्लीहाच गिळून टाकतात, गाठीपर्यंत थोडेच पोचतात.

मामांना हे सगळं फोनवर अर्धा तास सांगितलं. शेवटी म्हणाले, "ते समदं ठीक शे, पण त्या दहा गुंठाना सातबारा कोना नाववर शे?"