ऑक्सिमीटर ९८ दाखवतो, मग पुलावर धाप का लागते?

कोविडच्या दिवसांत ठाण्यात चौकशीची सुरुवात ‘स्कोअर किती आला?’ इथूनच व्हायची. एचआरसीटीचा, म्हणजे छातीच्या स्कॅनचा, पंचवीसपैकी आलेला तो आकडा आता कुणाच्या लक्षातही नसेल. पण बाळकुमच्या किंवा वाशीच्या सिडको प्रदर्शन केंद्रातल्या कोविड रुग्णालयातून ऑक्सिजनवर राहून परतलेल्या एखाद्याला नंतरही ठाणे स्टेशनचा पूल चढताना कठडा धरून थांबावं लागलं, तर नवल नाही. घरी येऊन ऑक्सिमीटर लावावा तर ९८. मग घरचे म्हणतात, “काही नाही हो, मनाचे खेळ!”

दर वेळी मनाचे नसतात. फुप्फुसातला वायुकोश आणि त्याला चिकटलेली केशवाहिनी यांच्यामधला पडदा मिलिमीटरच्या हजाराव्या भागाहूनही पातळ असतो. त्याची डागडुजी करणाऱ्या पेशींनाच कोरोनाचा विषाणू गाठतो. आजार तीव्र असेल, तर काहींच्या फुप्फुसांत जखम भरताना व्रणासारखे तंतू साचतात आणि पडदा जाड होतो.

आता लोकल डोळ्यांसमोर आणा. आपण बसलेलो असताना तांबडी पेशी, म्हणजे आपली गाडी, वायुकोशाच्या फलाटावर साधारण पाऊण सेकंद थांबते. ऑक्सिजनचे प्रवासी एरवी पाव सेकंदातच चढतात. पडदा जाड झाला आणि चढायला दुप्पट वेळ लागला, तरी गाडी भरूनच सुटते. जिना चढताना मात्र हृदय रक्त जोरात पळवतं, थांबा पाव सेकंदावर येतो आणि काही प्रवासी फलाटावरच राहतात. खुर्चीत बसून आलेला ९८ बरोबरच असतो. तो फक्त खुर्चीतला असतो.

म्हणून छातीचे डॉक्टर सहा मिनिटं चालायला लावतात आणि चालण्याआधी, चालताना ऑक्सिजन बघतात. तो चार अंकांनी किंवा त्याहून जास्त घसरला, तर पुढची तपासणी हवी. स्पायरोमेट्रीत हवा किती आणि किती वेगानं बाहेर पडते ते कळतं, पडद्याचं काही कळत नाही. त्यासाठी डीएलसीओ नावाची चाचणी. यात अगदी किंचित कार्बन मोनॉक्साइड असलेली हवा ओढून सुमारे दहा सेकंद श्वास रोखायचा. एरवी जीव घेणारा हा वायू इथे कामाला येतो, कारण हिमोग्लोबिन त्याला ऑक्सिजनपेक्षा दोनशेपटीहून अधिक जोरानं धरतं. श्वास सोडल्यावर त्यातला किती कमी झाला, म्हणजे रक्तात किती गेला, यावरून पडद्याची तब्येत कळते.

वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजनं पहिल्या लाटेतल्या २०७ रुग्णांची अशी तपासणी केली. २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात सुमारे ४४ टक्के जणांचा डीएलसीओ कमी निघाला. आकडा दचकवणारा आहे, पण तो आजारानंतरच्या काही महिन्यांतला. बहुतेकांची फुप्फुसं वर्षभरात बरीच सावरतात.

शिवाय प्रत्येक धाप फुप्फुसाचीच नसते. अंथरुणात गळालेले स्नायू, रक्तक्षय, हृदयविकार, जुना दमा, हे सगळे संशयित आहेतच. घोडबंदर रोडची धूळ दम्यात भर घालते ती वेगळी. स्नायूंची ताकद देखरेखीखालच्या व्यायामानं परत येते. व्रण पुसले जात नसले, तरी अशा व्यायामानं दम टिकतो. मात्र धाप अचानक वाढली, छातीत दुखलं किंवा एकच पाय सुजला, तर रक्ताची गुठळी असू शकते. तेव्हा ऑक्सिमीटर शोधत न बसता थेट रुग्णालय गाठावं.