घराभोवतीची झाडे व झुडपे

राहत्या घराच्या अंगणात, परसात आणि कुंपणालगत सावली, फळे, फुले, पूजा, आडोसा किंवा केवळ हौस यांसाठी केलेली लागवड. परसदार, परसू, परडे अशी या जागेची नावे मुलुखागणिक बदलतात. जुन्या घरांतली मांडणी पाण्याच्या हिशेबाने झालेली दिसते. रोज पाणी मिळेल अशी तुळस, तगर, पारिजातक दाराशी. केळ, अळू, नारळ न्हाणीच्या सांडपाण्यावर. आणि पावसाच्या भरवशावर जगणारे आंबा, फणस, चिंच हद्दीच्या टोकाला. आराखडा कोणी कागदावर काढला नव्हता, पण पाण्याची कळशी कुठवर न्यावी लागते हे घरातल्या बायकांना ठाऊक होते.

निवड चुकते ती बहुधा रोपवाटिकेत. पिशवीतले दोन फुटी रोप पाहून ते पंचवीस वर्षांनी केवढे होईल याचा अंदाज येत नाही. फळबागेत हापूसच्या कलमांसाठी 10 × 10 मीटर हे रूढ अंतर आहे, म्हणजे एका झाडाला 100 चौरस मीटर. एक गुंठा साधारण 101 चौरस मीटरचा असतो. दोन गुंठ्यांच्या प्लॉटवर घर बांधून उरलेल्या पट्ट्यात आंबा, चिकू आणि फणस तिन्ही लावणारा माणूस आपसूकच शेजाऱ्याच्या छपरावर झाड लावत असतो. अशा जागेत सीताफळ, डाळिंब, लिंबू, कढीलिंब, पेरू ही लहान चणीची झाडे बसतात. वड, पिंपळ, उंबर कुंपणाच्या आत लावूच नयेत. पक्ष्यांच्या विष्ठेतून भिंतीच्या फटीत उगवणारे त्यांचे रोपही बोटभर असतानाच काढावे. चूक उशिरा उमगली तर नागरी भागात स्वतःच्या अंगणातले झाडही मनाला येईल तेव्हा तोडता येत नाही. ‘महाराष्ट्र (नागरी क्षेत्र) झाडांचे संरक्षण व जतन अधिनियम, 1975’ नुसार त्याला परवानगी लागते, आणि 2021 च्या दुरुस्तीने 50 वर्षे व त्याहून जुन्या झाडांना वारसा वृक्ष म्हणून वेगळे संरक्षण दिले आहे.

दुसरा निर्णय जमीन करते. देशावरची काळी माती पावसात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते. तिच्यात पाणी साचून लिंबू, डाळिंबाच्या मुळ्या कुजतात. माती चुनखडीची असेल तर लिंबाची पाने पिवळी पडून शिरा तेवढ्या हिरव्या राहतात. ही बहुधा लोहाची कमतरता असते आणि नुसते शेणखत वाढवून ती जात नाही. मुरमाड जमिनीत सीताफळ, आवळा, कडुनिंब तग धरतात. कोकणात पाऊस उदंड, पण जांभ्यावर मातीचा थर पातळ. जुलैत पाण्यात उभे असलेले रोप मे महिन्यात वाळते. तिथे कातळ फोडून खड्डा करून पोयट्याची माती भरावी लागते.

सावलीचा विचार ऋतू धरून करावा लागतो. थंड देशांत हिवाळी ऊन घरात यावे म्हणून पानगळीची झाडे घराजवळ लावतात; तो सल्ला इथे जसाच्या तसा चालत नाही. आपल्याकडचा नकोसा काळ फाल्गुन ते वैशाख, आणि पळस, पांगारा, सावर फुलतात ते बहुतेक निष्पर्ण होऊन, याच सुमारास. बहावाही ऐन उन्हाळ्यात पिवळ्या झुंबरांनी लगडतो, पण पाने विरळ. दुपारचे ऊन येते त्या पश्चिमेच्या बाजूला म्हणूनच बकुळ बरी. वाढ मंद, पण पानोरा बारमाही दाट. कडुनिंब गुढीपाडव्याला कोवळ्या पालवीत असतो, करंजही उन्हाळ्यात नवी पाने धरतो. सोसायट्यांच्या कुंपणाला सरळसोट उभा दिसतो तो ‘अशोक’ म्हणजे खरे तर आसुपालव. त्याची सावली त्याच्यापुरतीच. खरा सीताअशोक वेगळा, केशरी फुलांचा आणि निमसावलीत खुलणारा.

गुलमोहर मूळचा मादागास्करचा. तो लवकर वाढतो, पण मुळे उथळ आणि लाकूड ठिसूळ असल्याने वादळी पावसात उन्मळतो. छपराजवळ किंवा गाडीच्या जागेवर नको. सप्तपर्णी देशी असली तरी तिच्या ऑक्टोबर-नोव्हेंबरमधल्या बहराचा उग्र वास खिडकीशी सोसवत नाही. कोनोकार्पस या परदेशी झाडाची हिरवी भिंत झटपट उभी राहते, मात्र गुजरातने 2023 मध्ये त्याच्या लागवडीवर बंदी घातली.

झुडपांत कुंपणासाठी मेंदी, कुंती, अडुळसा चांगली. कोरडवाहू भागात शेर आणि करवंद. शेराचा चीक डोळ्यांत जाऊ देऊ नये. कण्हेरीचे सर्व भाग विषारी आहेत, लहान मुले किंवा गुरे असतील तर ती टाळावी. मोगऱ्याची छाटणी हिवाळ्यात करून पाणी तोडले, की उन्हाळ्यात तो भरून फुलतो. बोगनवेलही पाणी जास्त झाले तर पानेच वाढवते.

लागवड मृगाचे दोन-तीन चांगले पाऊस झाल्यावर करतात. आंब्यासाठी मीटरभर लांब-रुंद-खोल खड्डा उन्हाळ्यातच खणून तापू देतात. झुडपांना दीड-दोन फूट पुरतो. कलमाचा जोड मातीच्या वर राहिला पाहिजे, नाहीतर तिथे कूज लागते. जोडाखालून फुटणारे धुमारे वेळीच काढावेत. ते राहू दिले तर खुंटाचे, म्हणजे ज्या रोपावर कलम बांधले त्याचे, झाड वाढते आणि हापूस म्हणून आणलेल्या कलमाला रायवळ आंबे लागतात. आळे बुंध्याला चिकटून नव्हे, घेर वाढेल तसे बाहेर सरकवत न्यावे. अंगणात फरशी घालताना खोडाभोवती मोकळी माती सोडली जात नाही, आणि झाड हळूहळू का सुकते याचे कोडे मग वर्षानुवर्षे सुटत नाही.

कढीलिंबाची आणि लिंबाची पाने कुरतडलेली दिसली की फवारणीची घाई होते. 2015 मध्ये महाराष्ट्राचे राज्य फुलपाखरू ठरलेल्या नीलवंताच्या अळ्या लिंबू कुळातल्या झाडांवरच वाढतात. लहान रोपावर अळ्या जास्त झाल्या तर हाताने उचलून मोठ्या झाडावर ठेवता येतात. वाढलेल्या झाडाला चार पाने गेल्याने काही होत नाही.